'येते' नावाचा फोटो

पिस्कॅटवे, एप्रिल २००५, शनिवार

आज लेकीच्या, मीराच्या, कॉलेजात तिच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. माझी आई इथे आमच्याकडे राहून गेली असती तर जसे फोटो निघाले असते, तसे मीराने रचलेले. आईसारखी नऊवारी नेसलेली मीच. बर्फात, मॉलमध्ये, बस स्टॉपवर. चष्मा मात्र खरा आईचा, दांडीला पांढरा दोरा गुंडाळलेला.

शेवटच्या फोटोत मी बॅग घेऊन आमच्याच दारात. खाली नाव, 'येते'. हे कुठून काढलंस, विचारलं. मीरा म्हणाली, "आजी फोनवर म्हणाली होती ना. आय वॉज सिक्स."

व्हिसाच्या मुलाखतीला निघताना आईने फोन केला होता. ठेवताना मीराला म्हणाली, "येते गं." घरातून निघताना आपण म्हणतो तसंच. पोरीला वाटलं, आजी इकडे येतेय. किती दिवस वाट बघितली असेल तिने? मला कळलंही नाही. व्हिसा मिळाला नाही. पुढे आईच गेली, चष्मा तेवढा माझ्याकडे आला.

मीराला खरा अर्थ सांगणार, तेवढ्यात इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी फोटो बघून विचारलं, "तुझी आई कधी आली होती गं इथे?"

फोटोतल्या त्या दोऱ्याकडे बघत मी म्हटलं, "मीरा सहा वर्षांची होती तेव्हा."