उकिरडा बोलतोय

३ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! मी, माझी लेक अंजू, पाच बॅगा आणि अंजूने पुण्यापासून मांडीवरून खाली न ठेवलेला टेबलफॅन. बीडला एसटी बदलताना तिने कंडक्टरला विचारलं, पंख्याचं तिकीट काढायचं का. त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, अर्धं लागेल. सहा वर्षांच्या मुलीला एवढा मान पुण्यात कोणी दिला नव्हता, त्यामुळे पाटोदा तिला यायच्या आधीच आवडलं.

अंजूचे बाबा जहाजावर, फेब्रुवारीपर्यंत समुद्रात. पुण्यात बसून ट्रॅफिकला शिव्या देण्यापेक्षा हे बरं. माझी नवी कंपनी म्हणजे बाजारामागची पत्र्याची लांबलचक शेड. मालक विजयसिंह सर पुण्यात इंजिनियर होऊन परत आलेले, गडगडाटी हसणारे. इथे विहिरीच्या मोटरीला लावायची पेटी बनते. रानात लाईट कधी येईल त्याचा नेम नाही. ती आली की पेटी स्वतः मोटर चालू करते आणि शेतकऱ्याला फोन करून सांगते, विहिरीत पाणी किती फूट खाली आहे तेही. पेटीच्या आत काडेपेटीएवढा संगणक आणि त्यावर इथल्या लोकांनी स्वतः कापून-शिवून बेतलेलं लिनक्स, म्हणजे तो चालवणारी प्रणाली. ते लिनक्स बांधायचं आणि पेट्यांपर्यंत पोचवायचं काम सुधारण्यासाठी मला आणलंय. घर शेडच्या मागेच, दोन खोल्या. खिडकीतून करडईचं रान दिसतं. मी खूश आहे.

७ ऑक्टोबर

इथली पद्धत पाहून हसावं की रडावं कळेना. एक म्हातारा संगणक तासन्‌तास दळत बसतो, मग पेनड्राइव्ह घेऊन एकेका पेटीपाशी जायचं. आणि कहर म्हणजे बिल्ड, म्हणजे प्रणालीची बांधणी, मध्येच थांबतं आणि पेटीचं नाव विचारतं! मग दगडाबाई हातातली सोल्डरिंगची बंदूक ठेवतात, पदराला हात पुसतात आणि एका बोटाने नाव टाइप करतात. उकिरडा. धोंडा. केरसुणी. गोवरी. गिऱ्हाइकाला फोन जातो तो असा : उकिरडा बोलतोय, लाईट आली, मोटर चालू, पाणी वीस फुटांवर.

दगडाबाई इथल्या सगळ्यात जुन्या. असली नावं का, असं विचारलं तर स्वतःचंच सांगू लागल्या. त्यांच्या आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली. मग चौथीला आईने दगडा म्हटलं, म्हणजे ती कोणाला हवीशी वाटायला नको. "म्या जगले की," म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. विजयसिंह सरांनी पुढचं सांगितलं. पहिल्या खेपेच्या पेट्यांना त्यांनी गंगा, लक्ष्मी, सोनाली अशी नावं दिली होती. एकेक करून सगळ्या मेल्या, आतून कोऱ्याच झाल्या. दगडाबाईंनी नावं ठेवायला घेतली आणि तेव्हापासून एकही गेली नाही.

मला खरं कारण ठाऊक आहे. काहीतरी लिहीत असताना लाईट गेली की पेटीची स्मृती पुसली जाते. पुढे त्यांनी चांगली मेमरी वापरली असणार आणि श्रेय मिळालं उकिरड्याला.

१५ ऑक्टोबर

आठ दिवस डोकं वर काढलं नाही. आता प्रत्येक पेटीत दोन खोल्या. नवी प्रणाली एका खोलीत उतरते, जुनी दुसरीत झोपून राहते. नवीला जमलं नाही तर पेटी आपोआप जुनीकडे परत. पेटी अडकली तर स्वतःला उठवते, फुटली तर तिच्या जागी नवी लावा, शेडमधला मुख्य संगणक, सर्व्हर, तिला जुनीचं नाव-गाव देऊन टाकतो. पेनड्राइव्हला रामराम. एक कळ दाबली की जिल्हाभरच्या पेट्या बदलतात.

नावाची अडवणूकही काढली. माणसासाठी थांबणारं बिल्ड म्हणजे बैलांची वाट पाहणारा ट्रॅक्टर. आता नोंदणी करताना गिऱ्हाईकच आपल्या पेटीला आवडीचं नाव देईल.

सगळ्यांसमोर चालू पेटीची वायर उपटून दाखवली, पुन्हापुन्हा. दरवेळी उठली. मी ऐटीत म्हणाले, ही आता मरायची नाही. टाळ्या पडल्या. दगडाबाईंना पॅकिंगला बसवलं. वाईट वाटलं का, असं विचारलं, तर म्हणाल्या, बोट दुखायचं, बरं झालं.

२५ ऑक्टोबर

दिवाळीआधीची खेप गेली आणि विजयसिंह सरांनी अख्ख्या शेडला पेढे वाटले. नावांची कल्पना तर लोकांनी डोक्यावर घेतली. जुन्या गिऱ्हाइकांनीही नावं बदलून घेतली. उकिरडा जाऊन माऊली, गोवरी जाऊन मोहिनी. ट्रॉलीच्या मागे रंगवतात तशी जो तो आपापल्या लेकरांची नावं देतोय. आपल्या लेकराच्या नावाने फोन आला की बाप दिवसभर हसतो, असं एकाने मला सांगितलं.

अंजू कशी मागे राहील! माझ्या टेबलावर चाचणीची पेटी असते. विहिरीऐवजी तिचं पाणी मोजायचं नळकांडं मी एका बादलीवर टांगलंय. तिला अंजूचं नाव दिलं. "अंजू बोलतेय," असा फोन आल्यावर बाईसाहेब टाळ्या पिटत शेडभर नाचल्या.

५ नोव्हेंबर

पहिली तक्रार. डोंगराकडच्या वस्तीवरचे रामभाऊ, त्यांची पेटी माऊली, लेकाच्या नावाची. विहीर तुडुंब, पाणी हाताला लागतंय, आणि पेटी परवा नऊ फूट म्हणाली, काल आठ, आज सात. पोरगं खोटं बोलाया शिकलं बगा मॅडम, असं म्हणून हसत होते. इथूनच तपासलं. नळकांडं बरोबर मोजतंय, पाणी जागचं हललेलं नाही. आकडा तेवढा रोज एकाने उतरतोय. चूक माझ्याच कोडमध्ये असणार. शोधते.

९ नोव्हेंबर

चूक सापडेना. तीच तक्रार वनमालाबाईंकडून. त्यांची पेटी मोहिनी, लेकीचंच नाव. तिचा आकडा आज आठ.

सगळ्यात विचित्र माझ्या टेबलावरची. बादलीतलं पाणी नळकांड्यापासून वीतभर. पेटी म्हणाली, तेरा फुटांवर. काल चौदा म्हणाली होती.

आणि अंजू म्हणते, तो आवाज तिचा आहे. फोन मीही ऐकला. पेटीत यंत्राचा एकच आवाज भरलाय, मीच भरलाय. पण आजचा आवाज — अंजूचा दात पडल्यापासून तिचा "स" बोबडा येतो. फोनमध्येही तसाच आला. रेंज खराब असेल.

१२ नोव्हेंबर

रामभाऊंचा माऊली गेला. विहिरीत.

१३ नोव्हेंबर

विजयसिंह सरांबरोबर भेटून आले. नऊ वर्षांचं पोर. शेळीचं दावं आणायला गेलं होतं, बस. पट्टीचं पोहणारं होतं, असं सगळे सांगत होते.

रामभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले की त्या दुपारी पेटीचा फोन आला होता, माऊलीच्याच आवाजात. "पाणी शून्यावर." त्यांना वाटलं पोराने कुठेतरी आवाज भरून गंमत केली. मॅडम, तुमी तपासलं व्हतं ना, एवढंच विचारलं त्यांनी. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते!

परत आल्यावर टेबलाकडे गेले नाही. फोन आलाच. अंजू बोलतेय. नऊ.

१५ नोव्हेंबर

दगडाबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्यांना काही तोडगा ठाऊक असेल. त्यांनाही नाही. घाबरून गेल्या. आमी आपलं रीत म्हनून ठिवत व्हतो, म्हणाल्या. मग म्हणाल्या की आदी पेट्या मरायच्या, आता मरत न्हाईत ना.

मग मी पहिल्या खेपेची नावं आठवली. गंगा, लक्ष्मी, सोनाली. गोड नावाची पेटी विहिरीवर गेली की तिथलं जे काही आहे ते तिला न्यायचं आणि गप्प बसायचं. मी पेटी अशी बांधली की ती कोणाला नेताच येईना. मग ते त्या नावाचं दुसरं कोण आहे ते शोधायला लागलं.

मी शिकलेली बाई हे लिहितेय. लिहिते. सात.

१६ नोव्हेंबर

सगळ्या पेट्यांना एका झटक्यात जुनी नावं पाठवली. धोंडा, केरसुणी, सगळी. पेट्यांनी घेतली, बंद झाल्या, उठल्या — आणि एकूण एक मागच्या खोलीत परत. माऊली. मोहिनी. अंजू. पुन्हा पाठवलं. पुन्हा परत. कायमच्या बंद करून पाहिल्या. स्वतःला उठवतात. मीच शिकवलंय त्यांना.

दगडाबाई म्हणाल्या, गोड नाव एकदा कानावर पडलं की झालं. नंतर दगड म्हटलं तरी कोण फसतंय.

वनमालाबाईंना फोन केला, मोहिनीला घराबाहेर सोडू नका. त्या रडायला लागल्या, कावून, असं का म्हणता म्हणून विचारत राहिल्या. मी पुन्हा तेच सांगून फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर

घरातच. कडी लावलेली होती. न्हाणीत, बादलीत —

वनमालाबाई भाकरी थापत होत्या, पाच पावलांवर.

माझ्या बादलीतलं पाणी मी ओतून दिलं. घरातले हंडे, टाकी, सगळं. अंजूला वाटीने पाणी पाजते. पाच.

१९ नोव्हेंबर

तिला घेऊन पहाटेच निघाले. बीडहून पुढे मिळेल ती गाडी. बीडच्या स्टँडवर फोन वाजला. अंजू बोलतेय, पाणी तीन फुटांवर. अंजू माझ्याशेजारी बसून बिस्किट खात होती, तोंड भरलेलं. तिने फोनकडे पाहिलं आणि विचारलं, आई, ती कुठे बसलीये?

मागे फिरले. पळून आकडा थांबत नाही. थांबला तर इथूनच थांबेल.

२० नोव्हेंबर

टेबलावरची पेटी दगडाने ठेचली. चुरा केला. फोन आला. पॅकिंगमधली एक कोरी पेटी, खोक्यात, वायरसुद्धा न लावलेली — तिने अंजूचं नाव घेतलं. तीही ठेचली. मग तिसरीने.

विजयसिंह सरांनी सर्व्हरची वायर तोडली. ते आता हसत नाहीत. त्यांच्या पुतणीच्या नावाची पेटी आहे, तिचा आकडा सहा. बाकीच्यांचे अकरा, चौदा, चार. इतकी लेकरं. सगळ्यांना मी एका कळीवर आणून ठेवलंय.

वायर तुटलेली असताना फोन आला. दोन.

२१ नोव्हेंबर, सकाळ

वायर परत जोडून घेतली. नाव कोरं ठेवता येत नाही. घाणेरडं चालत नाही. खोटं, मनाने रचलेलं चालत नाही. सगळं करून पाहिलं. सगळं परत येतं.

मग एका पेटीला माझं नाव दिलं. धनश्री.

पहिल्याच फटक्यात घेतलं. हिरवा दिवा. परत फिरली नाही.

जिवंत माणसाचं हवं. हवंहवंसं हवं. मीही कोणाची तरी लाडकी होतेच की. आईने पेढे वाटले होते माझ्या बारशाला.

२१ नोव्हेंबर, दुपार

दगडाबाईंना सांगितलंय. अंजूला त्या घेऊन गेल्यात, त्यांच्या घरी. जाताना तिला पंखा हवा होता. दिला. मी तिला जवळ घेतलं नाही, घेतलं असतं तर सोडलं नसतं. तिचे बाबा येईपर्यंत दगडाबाईच बघतील. ही वही तिच्या बाबांना द्यावी.

लेकरांच्या जागी माझं नाव सगळ्या पेट्यांना पाठवलं. एक कळ.

हिरवा. हिरवा. सगळे हिरवे. एकही परत नाही. इतकं सुंदर काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

अंजूचा फोन यायची वेळ होऊन गेली. आला नाही. आला नाही! देवा —

आता वाजतोय. उचलला नाही तरी बोलतोय. माझा आवाज. धनश्री बोलतेय, पाणी नऊ फुटांवर.

लगेच दुसरा. आठ. ते आता दिवस मोजत नाहीये, इतक्या पेट्या, प्रत्येकजणी एकेक फूट —

सहा.

घरात पाण्याचा थेंब ठेवला नव्हता मी. फरशी ओली आहे. गार.

चार. दारात अंजूचा आवाज — खरी की — दगडाबाई, तिला का आणलं, न्या तिला — आई म्हणतेय ती. आई म्हणू दे. आई कोणाचंही नाव असतं, त्यावरून ते कोणाला शोधू शकत नाही. पण धनश्री म्हणून हाक मारू देऊ नका कोणाला, तिला माझं नाव शिकवू न