माशाची दुसरी बाजू

ती. आई, इतक्या लांबून तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. चौकीच्या भिंतीचं काम चालू आहे, दोन वेळा भात मिळतो. हे पत्र मीठवाल्या मावशीच्या हाती देतोय. ताईकडूनच वाचून घे, गावच्या पंतोजीकडून नको. वाचून झालं की चुलीत घाल.

दरबाराने समुद्र बंद केला, आपल्या होड्या जाळल्या, आणि आता साहेब विचारतात, एवढे चाचे आले कुठून! कोळ्याने जाळं टाकायचं नाही, मग काय खडे चावायचे? शेजारी झोपणारा हौ रोज विचारतो, "काय रे, तुझा भाऊ काय करतो?" मी म्हणतो, "रताळी लावतो." तो नुसता हसतो. दादा कुणाच्या गलबतावर गेलाय, हे त्याला कळलं तर नसेल?

काल साहेबांनी प्रत्येकाला अख्खा मासा वाढला. एरवी शिळ्या भाजीवर ठेवणारे एकदम एवढे उदार कसे? वरची बाजू संपली, तेव्हा हौ माझ्या हाताकडेच बघत होता. मासा उलटला की होडी उलटते, हे तू घास भरवताना शिकवलंस. साहेबांनाही ते कुणीतरी सांगितलं असणार. पलीकडच्या म्हाताऱ्याने मासा न उलटता काटा उचलून खालचं खाल्लं. "हा दर्यावरचा!" म्हणत शिपायांनी त्याला पानावरूनच बांधून नेलं.

मी मासा उलटला, आई.

दादा परत आला का? तेवढं कळव.

तुझा,
आ-खिम