एरंडेल आणि काजळी

३ मे १९९३, परभणी
गाडी दारात आली. जुनीच विकत घेतली; लाल, इंजिन ठणठणीत. पण आठ वर्षं उन्हात उभी. दोन्ही बंपर, दारांवरच्या पट्ट्या, सगळं काळं प्लॅस्टिक राखेच्या रंगाचं झालंय. सौ. म्हणाली, आजारातून उठल्यासारखी दिसते. आबा ओट्यावरूनच बघत होते. जवळ आले नाहीत.

टपालात गावाकडचं पत्र. बाबारावांच्या थोरल्याचं. वडील अंथरुणाला खिळलेत, आबांना एकदा भेटायचं म्हणतात.

आबा चौदा वर्षं त्यांच्याकडे सालगडी होते. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती पेटली, त्या संध्याकाळी आबा आईला घेऊन त्यांच्याच दाराशी गेले. दार उघडलं नाही. मी तेव्हा औरंगाबादला, होस्टेलवर.

पत्र वाचून दाखवलं. आबा उठून आत गेले.

५ मे
बंपरला खोबरेल. तासभर काळंभोर. संध्याकाळपर्यंत रस्त्याची सगळी धूळ येऊन चिकटली. पुन्हा धुणं.

८ मे
बूट पॉलिश, ब्रश मारून. दिसायला झकास. दुपारी उन्हानं पातळ झालं आणि सौ.च्या शाळेच्या पांढऱ्या पातळाला लागलं. रिठ्यानंही निघेना. 

जेवताना तिनं विचारलं, एवढं कशासाठी चाललंय?  उत्तर इथे लिहितो. आबा हो म्हणाले तर वेशीतून गाडी सरळ आत न्यायची, सगळ्यांदेखत. गाडी नव्यासारखी पाहिजे. हे आबांसाठी की माझ्यासाठी, ते…

१० मे
उकळत्या पाण्यात फडकं बुडवून सगळं पॉलिश काढलं. बंपर होते त्याहून पांढरे. पायरीवर बसून राहिलो. आबा आपण होऊन आले.

"नुसतं काय घासायलास? वाळू दे आदी."

स्वतः चिमणी पेटवून वर वाटी पालथी धरली. काजळी खरवडली, कोमट एरंडेलात कालवली. जुन्या धोतराच्या चिंधीनं थोडं थोडं चोळायचं, मुरू द्यायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं. असं तीनदा. शेवटी बोट फिरवलं तर बोटाला काही लागेना. आधीचं सगळं वाया गेलं होतं, हे राहिलं.

कुठं शिकलात, विचारलं.

"बाबारावच्या बैलांच्या पट्ट्याला ह्येच लावायचो. कातडं तडकत न्हाई."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते नाव. मी मान वर केली नाही.  आबा दुसऱ्या बंपरकडे गेले.

१२ मे
सकाळी चहा घेताना आबा म्हणाले, जाऊन येऊ. सौ.नं नवं धोतर काढून ठेवलं.

१४ मे
जाऊन आलो. एकटाच परत आलो.

सोनपेठच्या पुढे आमचं गाव. वेशीत मी गाडी मुद्दाम हळू केली. टळटळीत ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणीच बघितलं नाही. लाज वाटली मला, कशाची ते कळत होतं.

बाबारावांच्या उंबऱ्याशी आबा थांबले. चौदा वर्षं सालगडी असताना त्याच्या आत कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. थोरला बाहेर आला, "आत या, काका," म्हणाला. पूर्वी हाच आबांना नावानं हाक मारायचा.

बाबाराव पार वाळलेत. आबांचं मनगट धरलं. म्हणाले,

"मी दार उघडलं न्हाई."

"ठावं हाय. आत तुमचा आवाज आला व्हता." आबांनी माझ्याकडे हात केला. "ह्याच्या आईनं जाताना बी इचारलं. का उघडलं न्हाई म्हून."

बाबाराव म्हणाले, "भ्यालो."

 आबांनी माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही. सूनबाई पेज घेऊन आली, म्हाताऱ्याच्या गळ्याखाली उतरेना. आबांनी उशी सरकवून त्यांना टेकवलं, तेव्हा दोन घोट गेले.

निघू म्हणालो. "तू जा. मी ऱ्हातो." किती दिवस? "बगू."

१७ मे
निरोप नाही. सौ. म्हणते, घेऊन या. मला राग येतोय. पुन्हा त्याच घरची चाकरी करायची, आता उशापायथ्याला बसून? की त्यांना अजून काही ऐकायचंय, जे त्या एका शब्दात आलं नाही? की आणखी काही, जे मला कळणारच नाही? मी त्या दारात उभा नव्हतो.

१९ मे
सोनपेठच्या एस.टी.च्या कंडक्टरनं निरोप आणला. आबांनी धोतरजोडी आणि चष्मा मागवलाय. कधी येणार, ते सांगितलेलं नाही.

पिशवी भरली. उद्या सकाळच्या एस.टी.ला कंडक्टरच्या हाती द्यायची की आपण घेऊन जायचं, ठरत नाही.