वैभवीची मंगलाष्टकं आणि माझी व्हेगस

२ एप्रिल
थायरॉइडची गाठ काढून घरी आले. आवाज मात्र तिकडेच राहिला. डॉक्टर म्हणाले, मेंदूतून निघून हृदय, पोट असं सगळीकडे फिरणारी व्हेगस नावाची नस असते. तिच्या स्वरपेटीकडे जाणाऱ्या फांदीला मार बसलाय. काही महिने लागतील. पाणी जपून प्या, वाशीमला आवाजाच्या व्यायामाला या.
काही महिने इतरांना लागत असतील. २८ला भाचीचं, वैभवीचं लग्न. पहिलं मंगलाष्टक मी म्हणणार, हा शब्द ती फ्रॉकात होती तेव्हाच दिलाय.

५ एप्रिल
मोबाइलवर कळलं, गुणगुणलं की व्हेगस जागी होते. मग वाशीमचे हेलपाटे कशाला? रोज पहाटे गुणगुणणार. ठरलं.

६ एप्रिल
पहाट हुकली. दुपारी गुणगुणले. सासूबाई झाडू घेऊन घरभर भुंगा शोधत होत्या. म्हणे, कुठी लपला व हा मेला!
भुंग्याएवढा आवाज. प्रगती आहे.

१० एप्रिल
माठाच्या पाण्याच्या गुळण्या. जबरदस्त ठसका. आमचे हे पाठीत धपके घालत म्हणे, काहून जिवावर उठून राह्यली? डॉक्टरकडे चाल.
ठसकासुद्धा व्हेगसच लावते. म्हणजे बाई कामाला लागलीय. पण सोयाबीनच्या पलीकडे यांना काय कळणार!

१५ एप्रिल
वैभवीच्या आईला फोन केला. ती नुसतं हॅलो हॅलो. मग म्हणे, रेंज नाही वाटते, गच्चीवर जा. गेले. तिथेही तेच.
आमच्या वाशीमकडच्या मालेगावात रेंजची फारच बोंब आहे.

२१ एप्रिल
वैभवी येऊन गेली. म्हणे, आत्या, गाऊ नको व, नुसती बाजूले उभी राह्य, मले तेवढंच पाह्यजे.
भिडस्त पोरगी. माझ्यावर ताण नको म्हणून बोलते.

२६ एप्रिल
बँडवाल्या गोविंदाशी पक्कं केलं. तो मांडवाच्या पार टोकाला असतो. म्हटलं, शेवटच्या ‘सावधान’ला मी हात वर करीन, तेव्हा वाजव. (म्हटलं म्हणजे खुणेनं.) तो म्हणे, बाई, हात दिसला की धूमधडाका!
माझं नियोजन असतंच असं.

२९ एप्रिल, सकाळ
आमच्याकडे लग्न कधी वेळेवर लागत नाही. काल वैभवीचं वेळेआधी लागलं.
माइक घेतला. घसा ओला करायला घोटभर पाणी प्याले. तोंड उघडलं, नुसता वारा बाहेर आला. मग ठसका. जीव कासावीस, म्हणून पाणी मागायला हात वर केला.
गोविंदाला हात दिसला.
बँड सुरू, अक्षतांचा पाऊस, अंतरपाट खाली, नवरदेवानं गळ्यात माळ टाकलीसुद्धा. गुरुजी ओरडत होते, अबे थांबा, मुहूर्त व्हाचा हाय! कोणी ऐकेना. मागची पंगत तर जेवायलाही बसली. गुरुजींनी सगळी मंगलाष्टकं बँडच्या गोंगाटात एकट्यानंच म्हणून घेतली.
मला तोंड दाखवावंसं वाटेना. निघताना वैभवी मिठी मारून हसतच सुटली. म्हणे, आत्या, माह्यं लग्न तूच लावलं व!
सुखी राहा म्हणायचं होतं. दोनदा म्हटलं. तिनं मान हलवली, पण तिला ऐकू आलं नव्हतं. मला कळतं तेवढं.

३० एप्रिल
वाशीमच्या व्यायामवाल्या बाईंना फोन केला. त्या हॅलो हॅलो करत राहिल्या, मग ठेवला.
शेवटी यांना लावायला सांगितला.
रेंज फुल होती.