डेल्फीनला काहीही न देण्याबद्दल

मी, वर्नीन गुड शील्ड, वय अठ्ठ्याहत्तर, काम गोधड्या शिवणे व गोष्टी सांगणे, राहणार चेरी क्रीक, साउथ डकोटा, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. दडपण आणू शकतील अशी माणसं आधीच वर गेली. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, म्हणून ही घाई.

१. आजोबांकडून आलेल्या जमिनीला वारस इतके झालेत, की माझ्या वाट्यात एक गाय उभी राहील आणि तिचंही शेपूट चुलतभावाच्या हद्दीत जाईल. हा वाटा माझी नात शॉना हिला. गाय तिची तिने बघावी.

२. पिकअप गाडी माझा भाचा वेंडेल, म्हणजे डेल्फीनचा मुलगा, याला. चालकाचं दार उघडत नाही, पलीकडून चढून सरकत यावं. मागे जात नाही, तेव्हा विचार करून उभी करावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही वेंडेलच करील, कारण त्याला नाही म्हणता येत नाही.

३. बाकी चीजवस्तू, शिलाई मशीन आणि ताऱ्यांच्या सगळ्या गोधड्या मी गेल्यावर वर्षाने, गावाला जेवण घालून, वाटून टाकाव्यात. आम्हा लाकोटा आदिवासींत मेलेल्याचं घरात साठवून ठेवणं लाजिरवाणं. मागे एका चुलतबहिणीने चांगली कढई दडवली होती. नाव लिहीत नाही. तिला कळलंय.

४. डेल्फीन रेड ऑटर, माझा थोरला भाऊ कै. अल्वा याची बायको, म्हणजे माझी वहिनी. तिला काहीही देऊ नये. सुई नको, दोरा नको. कारण सांगते.

आमच्यात नणंद-भावजयीने एकमेकींची टर उडवायचीच, ही रीत आहे. दोघींना एका घरात जन्म काढायचा, हसल्या नाहीत तर सुऱ्या निघतील, असं आमच्या म्हाताऱ्या सांगत. डेल्फीनने ही रीत कधी चुकवली नाही. माझ्या लग्नात तिने माझ्या नवऱ्याला सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, पसंत केलीस तेव्हा उजेड कमी होता का?"

दर हिवाळ्यात आम्ही दोघी शाळेत गोष्टी सांगतो. आठ पायांच्या त्या लबाड कोळ्याच्या गोष्टी बर्फ असतानाच सांगायच्या. उन्हाळ्यात सांगितल्या तर साप घरात येतात. (जुलैत रेकॉर्डर घेऊन आलेल्या एका पाहुण्याला मी माझ्या गुडघेदुखीची सबंध कहाणी सांगितली. बिचाऱ्याने ती टेप केली.) त्या लबाडाने बदकं कशी फस्त केली ते मी सांगते, डेल्फीन मोडता घालते. "खोटं! बदकं त्याने नाही, हिनेच खाल्ली! पोट बघा!" पोरं हसून लोळतात आणि घरी जाऊन दोघींच्या आवाजात तीच गोष्ट पुन्हा सांगतात. गोष्ट अशी पुढे जाते. मी एकटीच बोलले तर तो नुसता धडा होतो.

पण डॉक्टरांचं ऐकल्यापासून ही बाई गोड बोलायला लागलीय. गेल्या हिवाळ्यात शाळेत नुसते हुंकार देत बसली. पोरांनी जांभया दिल्या. वर मला म्हणते, "वन्सं, दमलात का? उशी देऊ?" उशी! मी अजून श्वास घेतेय आणि वहिनीने मला पुरूनसुद्धा टाकलं. डोळे मिटण्याआधी या गोष्टी पोरांच्या तोंडी बसाव्यात एवढीच माझी इच्छा आहे, आणि ही अशीच गोड राहिली तर ती बुडाली.

वेंडेल हे लिहून घेतोय आणि ती शेजारी कॉफी ओततेय. "छान सांगताय हो, वन्सं," म्हणाली. बघा!

५. सबब डेल्फीनला काही नाही. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही म्हणतात, आणि मला तिचीच साक्ष हवी. सही करण्याआधी तिला हे सगळं वाचावं लागेल. म्हणून नोंदवते: तिच्या सुपाला चव नसते. तिच्या गोधड्यांवरचे तारे इतके वाकडे, की त्यांच्यावर भिस्त ठेवणारा वाटसरू नदीत पडेल. आणि माझा भाऊ बहिरा झाला तो वयामुळे नव्हे.

स्थळ: चेरी क्रीक
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१९
सही: वर्नीन गुड शील्ड

साक्षीदार पहिला: लेव्ही आयर्न क्लाउड, शेजारी. सही करताना पाहिलं. बाकी भांडणात मला ओढू नये.

साक्षीदार दुसरी: मी, डेल्फीन रेड ऑटर, लिहून देते की वर्नीनने माझ्यादेखत सही केली. कोंबडीने पाय पुसल्यासारखी आहे, पण तिचीच. शुद्धीत होती. अक्कल होती का, यावर मी शपथ घेणार नाही. या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून शोधतेय. अल्वा बहिरा झाला तो हिच्या गोष्टी ऐकून. मी हिची टर उडवत नव्हते, कारण थट्टेला तोंड उघडलं की रडू यायचं. अल्वा गेला तेव्हा हिने एकटीने मला चिडवून चिडवून जेवायला बसवलं होतं. ही गेल्यावर मला कोण चिडवणार, याची तजवीज या कागदात कुठेही नाही. म्हणून हे मृत्युपत्र अपुरं आहे आणि हिला अजून मरता येणार नाही. बर्फ पडला की शाळेत जायचंय, म्हातारे. ऊठ, उशी इकडे दे.

सही: डेल्फीन रेड ऑटर