पलटणीच्या केसांची वेल

बेली हॉलो, व्हरमाँट
४ नोव्हेंबर १८६४

प्रिय अल्मिराताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्याकडे सगळी सुखरूप असतील अशी आशा करते. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तू पाठवलेले लोकरीचे मोजे मिळाले, अगदी बेताचे बसले. इथं सफरचंदं कापून वाळवून झाली, डुक्कर अजून कापायचंय, आणि थंडी यंदा लवकर पडली. माझ्या दुखवट्याच्या काळ्या कपड्यांचा रंग धुण्यात उतरत होता, त्याला तू लिहिलेली व्हिनेगरची युक्ती लागू पडली.

गावात सध्या एकच विषय. पाद्रीबाईंनी डोक्यात घेतलंय, की आपल्या पलटणीतली जी पोरं या युद्धात कामी आली त्यांच्या केसांची एक मोठी वेल विणायची, काचेच्या पेटीत घालून चर्चच्या सभागृहात लावायची आणि भोवती सगळ्यांचे फोटो. बट मात्र रणावरून आलेलीच हवी. विणणार कोण? टटलकाकू. केसांची फुलं त्यांच्यासारखी करणारं दुसरं आहे कोण! पण त्यांचा लेम वेलीत नाही. त्याच्या नावापुढे 'बेपत्ता' लिहिलंय ना. "माझा पोरगा येणार आहे. त्याचे केस त्याच्या डोक्यावरच राहू देत," असं त्यांनी पाद्रीबाईंना तोंडावर सांगितलं. अजून रोज त्याचं ताट मांडतात.

आणि माझ्याकडे ऑर्सनची बट मागताहेत. दोन रविवार टाळलं. एकदा डोकं दुखतंय म्हटलं, एकदा पेटीची किल्ली सापडत नाही म्हटलं. तर पाद्रीबाई म्हणतात, "नवऱ्याची आठवण अशी एकटीनं धरून बसू नये गं लोवीना, गावाचाही होता तो."

ताई, मला झोप नाही. का ते विचारू नकोस, निदान पत्रात नको. आपला पोस्टमास्तर पाकिटं दिव्याला धरून बघतो हे तुला ठाऊक आहे. जर्वे टिनवाला भांडी विकत विकत याच महिन्यात देशाची सीमा ओलांडून तुमच्याकडे येणार आहे. त्याच्या हाती सविस्तर लिहीन.

तुझी
लोवीना


११ नोव्हेंबर

ताई,

दार लाव, मग वाच. वाचून झालं की चुलीत घाल.

ऑर्सन जिवंत आहे.

लिहिलं बाई एकदाचं. मागच्या डोंगरावर आपलं मेपलचं गुऱ्हाळ आहे, त्या खोपटात तो ऑगस्टपासून लपलाय. पलटण सोडून पळून आलाय. सापडला तर हात बांधून नेतील आणि त्याच्याच सोबत्यांना गोळ्या घालायला लावतील. मार्शलचा एक माणूस पंधरवडाभर खानावळीत मुक्काम ठोकून आहे, पळालेल्यांचा वास काढत फिरतो. परवा रस्त्यात मला टोपी काढून म्हणाला, "तुमच्या दुःखाबद्दल फार वाईट वाटतं, बाईसाहेब." मी तोंड वळवून भराभर चालू लागले. त्याला वाटलं, नवऱ्याच्या आठवणीनं. खोपटात विस्तव पेटवता येत नाही. रस आटवायचा हंगाम मार्चमध्ये. नोव्हेंबरात तिथून धूर निघाला तर सगळं गाव वर बघेल. बादलीतलं पाणी गोठायला लागलंय, आणि तो दोन घोंगड्यांत काकडत बसलेला असतो.

तू म्हणशील, मग मे महिन्यात ऑर्सन म्हणून पुरलं कुणाला?

व्हर्जिनियातल्या त्या लढाईत जंगलाला आग लागली हे तू वाचलंच असशील. आगीनंतर दुसऱ्या कंपनीच्या एका सार्जंटाला एक पोरगा सापडला. चेहरा ओळखू येत नव्हता. अंगावरच्या कोटाच्या खिशात माझा पत्र्यावरचा फोटो होता, तोच, फोटोवाल्यानं माझे गाल गुलाबी रंगवलेला, ज्याला तू 'जत्रेतली बाहुली' म्हणून हसली होतीस. मागे माझं नाव, गाव. त्यावरून त्यांनी ठरवलं, हा ऑर्सन. मानेखालचे केस जमिनीला टेकून वाचले होते, त्यातली बट कापली आणि फोटोबरोबर कागदात गुंडाळून पाठवली. भला माणूस, त्याला बिचाऱ्याला ऑर्सन काळा का गोरा काय माहीत!

जूनमध्ये मी तो कागद उघडला. बट दोन बोटं लांब, आणि मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखी पिवळी.

ऑर्सनचे केस किती काळे आहेत ते तुला सांगायला नको. माझा नवरा मेलेला नाही हे मला तिथल्या तिथं कळलं. आनंदानं ओरडणार होते मी, ताई. मग कळलं की हे केस मी ओळखते. अख्ख्या गावात त्या रंगाच्या केसांचं एकच घर आहे, टटलांचं. मी कागदाची घडी घातली, बायबलमध्ये ठेवली आणि काळे कपडे शिवायला घेतले.

ऑर्सन आला तेव्हा भाकरी देण्याआधी मी तेच विचारलं. म्हणाला, "लेमच्या मांडीत गोळी होती. मे महिन्यात थंडीनं कुडकुडत होता. मी कोट काढून त्याच्या अंगावर घातला, म्हटलं, थांब, उचलायला माणसं आणतो. मग आग आली, लोवी. मी पळालो ते पळालोच." याउपर बोलत नाही. परत विचारलं तर परत तेवढंच.

आता ती पिवळी बट टटलकाकूंच्या हातात कशी देऊ, सांग! ओळखणार त्या. मग खरा मेला कोण ते गावाला कळणार, आणि पुढचा प्रश्न मार्शलचा माणूस विचारणार. म्हणून कात्री घेऊन वर गेले आणि ऑर्सनच्याच डोक्यावरची बट कापली. चांगली वीतभर. "माझ्या मयताला माझेच केस! चांगलं चाललंय," म्हणाला, आणि आम्ही दोघं येड्यासारखी हसलो. सार्जंटच्याच कागदात गुंडाळून रविवारी ती देऊन टाकली. आखूड केस दिले की टटलकाकू कुरकुरतात, 'यात फूल काय, कळीसुद्धा होत नाही' म्हणतात, हेच मी लहानपणापासून ऐकलेलं. डोक्यात तेवढंच होतं. अक्कल गहाण पडली होती माझी.

काल दुपारी त्या आल्या. हातात कंपनीचा एप्रिलमधला फोटो. पुढच्या रांगेत ऑर्सन आणि लेम शेजारी शेजारी, आणि झाडून सगळ्यांचे केस बारीक कातरलेले, उवा झाल्या होत्या म्हणून. फोटो टेबलावर ठेवला, बाजूला ती काळी बट.

"महिन्याभरात वीतभर वाढले होय गं?"

"काकू, ती आधीची असेल... माझीच गल्लत झाली."

"सोड्याच्या पाण्यात उकळायला टाकली, तर घरभर मेपलच्या पाकाचा वास." आवाज जराही चढला नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "रणावरून आलेली बट कुठंय, लोवीना?"

मी उठले. बायबल आणून पुढे केलं. त्यांनी बटीकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटांत धरली, दोनदा चोळली आणि डोळे मिटून घेतले.

"याचे केस मीच कापायची," म्हणाल्या. मग, "वर आहे ना तो?"

शाल आवळून निघाल्यासुद्धा. मी मागे धावले. "काकू, पाया पडते तुमच्या. मला काय हवं ते बोला, पण त्याला मारतील हो ते!" त्यांनी मला गुऱ्हाळाच्या दारात थांबवलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. आतून ऑर्सनचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही. त्यांचा आवाज एकदाही आला नाही. बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघता डोंगर उतरल्या. त्यांच्या घराकडे जाणारा रस्ता खानावळीवरूनच जातो हे तुला माहीत आहे. मी ऑर्सनला म्हटलं, आत्ताच्या आत्ता नीघ, जंगलातून जा. तर म्हणाला, "नाही. त्या बाईपासून नाही पळणार." त्याच्यावर असा राग आला ना मला, ताई! पळायचं तेव्हा पळाला, आणि आता याला उभं राहायचंय!

त्यानंतर मी खिडकीतून हलले नाही. प्रत्येक घोड्याच्या टापेला वाटायचं, आले.

आज सकाळी काकू एकट्याच आल्या. बगलेत गाठोडं. दार उघडलं तर आधी काळी बट माझ्या हातावर ठेवली.

"ही घे. जिवंत माणसाचे केस मेलेल्यांत विणत नाही मी. त्याच्या नावाचं फूल आमच्या काळ्या घोड्याच्या शेपटीचं करीन. घोडा निदान स्वार पाठीवर असला तर त्याला घेऊन पळतो."

मी मान खाली घातली. ऐकून घ्यावं असंच होतं ते.

"आणि पिवळं फूल मधोमध घालणार. कुणी विचारलं तर म्हणेन, आईला कळतं. पुढे कोण विचारतंय!" मग गाठोडं सोडलं. आत जाड लोकरीचा नवाकोरा कोट. "लेम येईल तेव्हा थंडी पडलेली असेल म्हणून शिवून ठेवला होता. घाल म्हणावं अंगात. माफ केलंय असं समजू नकोस, तोंड पुन्हा दाखवू नको म्हणावं मला. पण माझा पोरगा उघडा नव्हता पडला. त्याच्या अंगावर कुणीतरी काहीतरी घातलं होतं." दाराशी जाऊन पुन्हा वळल्या. "आज ताट नाही मांडलं मी."

त्या गेल्यावर मी जमिनीवर बसून रडले, ताई. जूनमध्ये काळे कपडे घातले तेव्हा नुसती लोकांसाठी रडले होते.

जर्वे अंगणात घोडा जोडतोय. हे पत्र देणारा माणूस त्याचा नवा गडी म्हणून येईल, अंगात लेमचा कोट असेल. त्याला नावानं हाक मारू नकोस. चुलीजवळ बसव, विस्तव मोठा कर, त्याला कितीही पेटव म्हणावं. गेल्या महिन्यात सीमेपलीकडून आलेल्या शत्रूच्या टोळीनं बँका लुटल्यापासून सीमेच्या नाक्यावर बंदुका घेऊन उभे असतात, गाड्या उलथून बघतात. जर्वे म्हणतो, काही होत नाही. जर्वे सगळ्यालाच तसं म्हणतो. मला त्याचं ऐकायचंय आणि ऐकवत नाही.

पोचला तर एक अक्षर लिहू नकोस. त्याच्या डोक्यावरची बट काप आणि नुसती पाकिटात घालून पाठव. इथं हल्ली घरोघरी केसच येतात, पोस्टमास्तरानं दिव्याला धरून बघू दे खुशाल. पण ताई, जूनमध्ये सार्जंटचं पाकीट मी उघडलं होतं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तुझं येईपर्यंत रोज पोस्टाच्या दारात जाईन, आणि उघडायचा धीर होईल की नाही ठाऊक नाही.

काळी असू दे. वीतभर नको, चिमूटभर पुरे, पण काळी असू दे.

गावासाठी ऑर्सनची विधवा,
तुझी
लोवीना