जिभेखालचा मणी

११ नोव्हेंबर
आले एकदाची. वैराग ते अक्कलकोट एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण हे मोतीशेतीचं केंद्र बघून शीण गेला. शेततळं, टाक्यांची शेड आणि शेजारी राहायच्या खोल्या. महादेवप्पा आणि त्यांच्या पत्नी गिरिजाबाई हे चालवतात. शिकायला आम्ही दोघंच, मी आणि सोलापूरचा गुफरान. तो दर वाक्याला हसवतो.

आमच्या शेततळ्यात नुसतं शेवाळ माजलंय. त्यात मोती पिकवून स्वतःचं काहीतरी उभं करायचं, या हट्टापायी पाच वर्षांच्या संस्कृतीला शिवराजकडे सोडून आलेय. निघताना पोरगी ओढणी सोडेना. तिच्या बाबांनी शेवटी चॉकलेट दाखवलं. शुक्रवारी परत जायचंच.

१२ नोव्हेंबर
आज शिंपला उघडायला शिकलो. चिमट्यानं तोंड जरासं फाकवून आत मणी सरकवायचा. तो टोचतो, म्हणून शिंपला त्याच्यावर थर चढवत राहतो. तोच मोती. मग शिंपले जाळीच्या पिशवीत घालून तळ्यात सोडायचे. गिरिजाबाई म्हणाल्या, लहान शिंपलाच निवडायचा, कवळ्या जिवात मोती लई लवकर धरतो.

इथली एक रीत गमतीची आहे. काम करताना आपणही जिभेखाली एक मणी धरायचा. बोललं की शिंपला दचकतो म्हणे. संध्याकाळी मणी वाटीत थुंकायचा. माझी बडबड कुणीतरी बंद केली हे ऐकून शिवराज पेढे वाटेल.

१३ नोव्हेंबर
गुफराननं शिंपल्याला वाकून सलाम ठोकला. मला हसू फुटलं आणि मणी गिळला गेला.

गिरिजाबाई रागावल्या नाहीत. उलट माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि समोर बसवून शिरा खाऊ घातला. आता हलायचं न्हाय, सुम्मने, गप पडून राहायचं, म्हणाल्या. एवढे लाड माझ्या सासूनंही केले नव्हते.

१४ नोव्हेंबर
गळ्याखाली गाठ आलीय. दुखते.

गुफरान घरी गेला. मला जाऊ देत नाहीत. हलवलं की मोती डागाळतो की, असं महादेवप्पा अगदी समजुतीनं म्हणाले आणि बाहेरून कडी घातली. मोबाईल त्यांच्या कपाटात. निघण्याआधी तो खिडकीशी आला होता. शिवराजला सांग, मला न्यायला ये म्हणावं, एवढंच मला त्याच्याशी बोलता आलं. त्यानं शपथ घेतलीय.

१५ नोव्हेंबर
गाठ लिंबाएवढी. जबडा आखडलाय. डाव्या दंडावर नख मारलं तर टक् वाजलं. कातडी वाजते.

मला भीती वाटतेय. मला माझ्या लेकीकडे जायचंय.

१६ नोव्हेंबर
तोंड उघडत नाही. ओरडले ते सगळं आतच राहिलं— पाय हलत नाहीत— महादेवप्पा अंगणात जाळीची पिशवी विणतायत. माणसाच्या मापाची.

उजवा हात तेवढा माझा आहे.

१७ नोव्हेंबर
मोटारसायकल. शिवराजची. आला. देवा, आला—

संस्कृतीला बरोबर का आणलंस—

मी बाजारात गेलेय म्हणून सांगतायत. बसा म्हणतायत, चहा घ्या. तो बसला. खिडकी एवढीशी दूर, आणि मला—

गिरिजाबाई पोरीसमोर उकिडव्या बसल्यात. तळहातावर पांढरं काहीतरी. गोळी हाय बाळा, म्हणतायत. जिभेखाली धर—

नको. संस्कृती, बाळा, नको—

तिनं आ केलाय आणि